समुद्राचं तीर्थ

चहा घ्या आणि नीट बसा. हे सांगताना मला अजून कसंतरी होतं, पण दुसऱ्या कुणाकडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडूनच ऐकलेलं बरं. आमच्या ठाणाकुशनूर गावात ही गोष्ट जो तो आपल्या पदरचं मीठ घालून सांगतो, आणि या गोष्टीत मीठ आधीच जास्त आहे.

आमच्या शेजारी शोभाबाई राहतात. गावातल्या मराठी शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या सासूबाईंना सगळी गल्ली मोठीआई म्हणते. मोठीआई महिनाभर अंथरुणाला खिळल्या होत्या. शेवटचे दोन दिवस तर तोंडातून शब्द नाही, डोळे मिटलेले. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

मोठीआईंना मी कधीचा शब्द देऊन ठेवला होता, ‘तुमच्या तोंडात गंगा मीच घालीन.’ माझ्या देव्हाऱ्यात काशीहून आणलेला तांब्याचा गडू होता, तोंडाला कथलाचा डाख देऊन बंद केलेला. त्या दिवशी उचलला तर हलका लागला. खिळ्यानं फोडला. आत थेंब नाही. डाखाला बारीक भोक होतं, इतक्या वर्षांत गंगा गुपचूप निघून गेली होती. आता शब्द दिलेल्या बाईनं काय करावं, तुम्हीच सांगा.

शोभाबाई शाळेत गेल्या की मोठीआईंजवळ मी बसायची. त्याच दुपारी पार्सलवाला आला.

“गोव्याकडून आलंय अक्का. बाटल्या हायत, आडवं ठेवू नका.”

दुसऱ्याचं पार्सल उघडू नये हे मला कळतं. पण बघू नये असं कुणी सांगितलेलं नाही, आणि न उघडता बघणार कसं? आत कापसात गुंडाळलेल्या दोन बाटल्या. तोंडं घट्ट बांधलेली, वर इंग्रजी चिठ्ठ्या. मी सातवीपर्यंत शिकलेली, तीही मराठीत. इंग्रजी येत नाही, पण तोंड बांधलेलं पाणी मी ओळखते. साधं पाणी इतकं जपून कोण पाठवतं? शोभाबाईंनी सासूसाठी तीर्थ मागवलं होतं, आणि मला सांगितलं नव्हतं. मला जरा रागच आला.

खोलीत भेटायला आलेली पाच-सहा माणसं बसली होती. मी एक बाटली उघडली, पाणी वाटीत घेतलं, तुळशीचं पान टाकलं आणि देवाचं नाव घेऊन मोठीआईंच्या तोंडात पळीभर सोडलं. समोर बसलेल्यांना वगळून तीर्थ द्यायची आपली रीत नाही. सगळ्यांच्या तळहातावर एकेक पळी घातली.

सगळ्यांनी घेतलं. सगळ्यांची तोंडं वाकडी झाली. पण तीर्थाला नाव कोण ठेवणार?

समोरच्या घरातले नामदेवअण्णा डोक्यावरून ओला हात फिरवत म्हणाले, “रामेश्वरचं असंल. तिकडचं खारंच असतंय.”

सगळ्यांनी माना हलवल्या. त्यांच्या बायकोनं हात पुढं केला. “अजून घाला जरासं. रामेश्वर कोण जायलंय आता?”

मग सगळ्यांनीच परत घेतलं. एवढ्यात मोठीआईंचे ओठ हलले, डोळे उघडले आणि त्यांनी थुंकून टाकलं.

“कोण गं मेली मिठाचं पाणी पाजायलीय मला?”

दोन दिवसांनी पहिला शब्द. खोलीतल्या माणसांनी हात जोडले, ते मोठीआईंना की मला, ते अजून ठरलेलं नाही.

ऊन उतरल्यावर शोभाबाई आल्या. सासू बोलतेय म्हटल्यावर डोळ्यांना पदर लावला. मग मी परत झाकून ठेवलेलं खोकं दिसलं.

“पार्सल आलं व्हय अक्का? वर्षभर मागं लागले होते मी याच्या.”

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. समुद्राचा अभ्यास करणारे लोक आणि शाळेतले बाई-मास्तर मिळून आता धडे तयार करतात. उद्या त्यांच्यातल्या एक मॅडम स्वतः येणार. एका बाटलीत नदीच्या तोंडाचं, म्हणजे ती समुद्राला मिळते तिथलं पाणी, दुसरीत जहाजानं दूर जाऊन काढलेलं. कोणतं जास्त खारं, ते पोरं मोजून सांगणार.

“आमच्या लेकरांनी समुद्र बघितला न्हाई अक्का. म्हणून समुद्रच मागवलाय. हेडमास्तर म्हणतेत, हे असले खेळ बंद करा. उद्या नीट झालं तरच पुढं चालू द्यायलेत. खोकं आता लेकरांपुढंच उघडते.”

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण त्या सासूजवळ गेल्या आणि मी अर्धी झालेली बाटली बोरच्या पाण्यानं भरून बांधून ठेवली. पाण्यात पाणी, कुणाला कळतंय? बाटली अर्थात दूरच्या समुद्राचीच निघाली.

दुसऱ्या दिवशी मी वर्गाच्या खिडकीला. मॅडम लहानखुऱ्या, बोलणं मऊ. शोभाबाईंनी सरबताच्या नळीच्या टोकाला चिकणमाती लावून ती पाण्यात सोडली. पाणी जितकं खारं, तितकी नळी वर तरंगते. नदीच्या तोंडाच्या पाण्यात नळी वर राहिली. दूरच्या समुद्रात जास्त बुडाली.

शोभाबाईंनी परत सोडली. परत तेवढीच बुडाली.

हेडमास्तर म्हणाले, “बाई, तुम्हाला मोजायलाच येईना. लेकरांना काय शिकवायलाव?”

शोभाबाईंनी नळी बाहेर काढून पुसली. “माझंच कायतरी चुकलं मॅडम,” त्या म्हणाल्या.

मला राहवलं नाही. “त्यांचं न्हाई, माझं चुकलं. मी ते तीर्थ म्हणून वाटलं.”

मॅडम खिडकीशी आल्या.

“कुणाला त्रास झाला नाही ना?”

“न्हाई. एक म्हातारी उठून बसली.”

“किती पाणी काढलंत? किती घातलंत?”

इतक्या गांभीर्यानं मला आयुष्यात कुणी काही विचारलं नव्हतं. मी म्हणाले, “दोन-चार पळ्या.”

मॅडमनी पोरांना दूरच्या समुद्राइतकं खारं पाणी मिठानं करायला सांगितलं. त्यात पोरं थोडं थोडं बोरचं पाणी घालत गेली. निम्म्याला निम्मं झालं तेव्हा नळी माझ्या बाटलीत बुडाली होती बरोबर तेवढीच बुडून थांबली.

“अर्धी बाटली हाय काकू,” पहिल्या बाकावरची पोरगी म्हणाली. “दोन-चार पळ्या न्हाई.”

मॅडम हेडमास्तरांकडं वळल्या. “सर, बाईंचं मोजणं अगदी बरोबर होतं.”

धडे चालू राहिले. सातवीनंतर माझं नाव शाळेच्या वहीत त्या दिवशी पहिल्यांदा लिहिलं गेलं, ‘चुकीचं कारण’ या रकान्यात.

शोभाबाईंनी घरी सगळं सांगितलं तेव्हा मोठीआई उशीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, “असलं असतंय व्हय समुद्राचं पाणी? मग मासे काय पितेत?” पुढचा धडा त्याच प्रश्नावर झाला.

मोठीआई आणखी तीन आठवडे राहिल्या. शेवटच्या दिवशी नामदेवअण्णांनी कुठूनतरी खरी गंगा आणली. मी पळी त्यांच्या ओठांशी नेली. त्यांनी ओठ मिटून घेतले आणि क्षीण हातानं पळी माझ्याकडं वळवली.

“आधी तू पी.”

मी प्यायले. त्यांनी माझं तोंड नीट बघितलं, आणि मगच आपलं उघडलं.