गिटार येईपर्यंत

भाजी घेऊन येताना पाहिलं, जिन्याच्या पायऱ्यांवर माझी मुलगी आणि तिची मैत्रीण बसल्या होत्या. इयरफोन एकच, प्रत्येकीच्या एकेका कानात. मुलगी आपलं लाडकं रॉक गाणं ऐकवत होती आणि निकाल लागायचा असल्यासारखी मैत्रिणीकडे बघत होती. मैत्रिणीचं बोट गाणं बदलायला सरकलं.

"थांब ना गं, गिटार यायचीय अजून!"

"कधी? माझ्या लग्नात?"

मला हॉस्टेलमधला माझा रूममेट आठवला. आम्हा दोघांत कॅसेट एकच होती. एका बाजूला त्याची दणदणाटी गाणी, दुसऱ्या बाजूला माझी संथ. टेपरेकॉर्डर सेलवर चाले, आणि कॅसेट पुढे-मागे पळवली की सेल लवकर उतरत. म्हणून पळवायची नाही, असं ठरलं होतं. माझी बाजू संपली की ती पुन्हा पहिल्यापासून लावायला आधी उलटून त्याची बाजू पूर्ण ऐकावी लागे. आधी मी ती सोसली. पुढे त्याच्या ड्रमची वाट पाहू लागलो. माझी आवड काही वजा झाली नाही, तिच्यात त्याची मिळवली गेली. गाणं बदलायची सोय असती, तर त्याला मी अर्धंच ओळखलं असतं. त्या सेलचे उपकार मी अजून मानतो.

मैत्रिणीच्या चपलेनं ठेका धरला, तेव्हा मला कळलं, गिटार आली.

"बरंय," ती म्हणाली. "पण माझंच भारी."

मुलगी खुलून हसली. "लाव तुझं. पूर्ण ऐकते."