पार्सल गेलं की धडधड सुरू

धंद्यात माल साचतो म्हणतात. आमच्याकडे माल कधी साचलाच नाही, किस्से साचले. आणि खरं सांगू का, त्यातला एकही घडत असताना मला हसू आलेलं नाही. तेव्हा नुसता घाम फुटायचा! आता चहा पिताना सांगतेय, म्हणून तुम्हाला मजा वाटतेय.

मी प्रज्ञा, जन्माची भित्री. माझ्या वरच्या मजल्यावर राहणारी मंजिरी, जन्माची बिनधास्त. बोरीवलीला तिच्या मागच्या खोलीत आम्ही दोघींनी ऑनलाइन बुटीक काढलं. कुर्ते, साड्या, ब्लाउज. पॅकिंगला तिच्या सासूबाई, त्यांना अख्खी बिल्डिंग माई म्हणते. ह्या सगळ्यासाठी मी साकीनाक्याची पक्की नोकरी सोडली. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले! म्हणाले, "जा, जा. तुझी खुर्ची रिकामीच ठेवतो." तेव्हापासून एकच धास्ती. बुटीक बुडालं तर त्याच खुर्चीत, त्याच हसण्यासमोर जाऊन बसायचं.

*

पहिली ऑर्डर आली तेव्हा आनंद व्हायला हवा होता ना? मी फोन उलटा करून ठेवला. कारण कोणी खरंच काही मागवलं तर काय करायचं, ह्याचा विचारच आम्ही केला नव्हता. फोटोतला हिरवा कुर्ता एकुलता एक. तो शोधायला कपाट उघडलं तर गायब!

मंजिरीला फोन लावला. "हिरवा कुठंय गं?"

"अंगावर आहे ना! म्हटलं जरा घालून मिरवते, जाहिरात होईल."

"कुठे आहेस तू?"

"स्टेशनबाहेर. वडापाव खातेय."

मी किंचाळले, "चटणी लांब धर!"

*

नंतर गिऱ्हाइकं विचारायला लागली, तुमचा मीडियम म्हणजे केवढा? आम्ही बिल्डिंगमधल्या बायकांची मापं घेतली. कोण मीडियम, कोण लार्ज हे लक्षात राहावं म्हणून मंजिरीने प्रत्येक मापापुढे त्या त्या बाईचं नाव टाकलं. इथपर्यंत ठीक. तो तक्ता तिने नावांसकट पेजवर चढवला! एक्स्ट्रा लार्जपुढे कोण? सेक्रेटरींच्या मिसेस. त्यांच्या एका शब्दावर सोसायटीतला आमचा धंदा बंद झाला असता.

बेल वाजली. दाराच्या भोकातून बघितलं तर त्याच, हातात मोबाइल. मी सरळ बाथरूममध्ये जाऊन कडी लावली. बाहेर मंजिरीने दार उघडलं. मिसेसचा आवाज आला, "हा काय प्रकार आहे? सगळ्या जगासमोर?"

मी आत कडी दोन्ही हातांनी धरून उभी.

"मी लार्ज आहे! आत्ताच्या आत्ता बदला!"

*

मग मंजिरीच्या डोक्यात लाईव्हचं भूत शिरलं. कॅमेऱ्यासमोर उभं राहून कपडे दाखवायचे, लोक बघता बघता ऑर्डर देतात. "तू फक्त बोल, बाकी मी बघते," असं म्हणून तिने मला पुढे ढकललं. झाले सुरू. चार शब्द बरे निघाले, तेवढ्यात स्क्रीनवर नाव उमटलं. आमचे साहेब! बघायला आलेले!

हातात कुर्ता होता, त्याचं काय सांगायचं होतं तेच विसरले. मंजिरी मागून खुणा करतेय, "किंमत! किंमत सांग!"

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "सर, कॉटन आहे. अप्रूव्हलला पाठवते!"

*

माईंची एक पद्धत. साडीला कसर लागू नये म्हणून त्या तिच्या घडीत एक पोटली ठेवायच्या. वाळलेला कडुलिंबाचा पाला, लवंगा, आणि वर लाल दोऱ्याची गाठ. घराघरात ठेवतात, आम्हाला त्यात वावगं ते काय वाटणार?

एक पार्सल वांद्र्याच्या टॉवरमध्ये गेलं. दुपारी त्या बाईचा फोन, रडकुंडीला आलेली. "ये क्या भेजा है? किसने करवाया?" करणी वाटली तिला! वॉचमनने म्हणे काठीने उचलून पोटली गेटबाहेर ठेवली होती. "पुलिस में जाऊँगी," म्हणाली. पोलीस म्हटल्यावर मी पंख्याखाली बसले, फोन माईंकडे दिला.

माईंनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, "अगं बाई, किडे मारायला आहे ते. तू कशाला घाबरतेस?"

*

हे सगळं एकीकडे आणि मुलुंडचं लग्न एकीकडे. ते आठवलं की अजून माझी झोप उडते.

आमची पहिली नवरी! लग्न रविवारी. तिला हवी होती पांढरी रेशमी साडी, बारीक निळ्या काठाची. मुलगी आमच्यातली, बौद्ध. आमच्यात नवरी पांढऱ्या साडीत उभी राहते, मीही तशीच उभी राहिले होते. साडी मी स्वतः निवडली, इस्त्री केली, माईंसमोर ठेवली आणि "नवरीची आहे हो, जपून," एवढं सांगून खाली आले.

शुक्रवारी चहाला माई भारी खुशीत. "पोरींनो, तुमची लाज राखली मी! नवरीला पांढरी साडी पाठवत होतात! मी कपाटातली लालचुटूक काढली आणि तीच पॅक केली."

मंजिरीसुद्धा म्हणाली, "वाट लागली."

पार्सल पोचलेलं. पांढरी साडी कपाटात. आणि माझ्या मोबाइलवर त्या मुलीचा मेसेज, "ताई, फोन करा. अर्जंट." फोन करायची हिंमतच होईना. त्यांनी पेजवर एक ओळ वाईट लिहिली असती तरी आमच्या दुकानाला कुलूप लागलं असतं. पण मला त्याहून मोठी भीती वेगळीच होती. दुसऱ्या कोणी केलं असतं तर चूक म्हणून सोडलं असतं. आपल्याच मुलीने लग्नाच्या साडीत हा घोळ घालावा?

मंजिरीने रिक्षा बोलावली. माई चपला घालून आधीच दारात. "मी येणार. केलं मी, बोलणी तुम्ही का खायची?"

रस्ताभर पांढरी साडी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. मुलुंड आलं तशा म्हणाल्या, "प्रज्ञा, कधी बोलली नाहीस गं, तुमच्यात पांढरी असते ते."

तुम्ही तरी कधी विचारलंत, असं ओठांवर आलं होतं. म्हणाले, "सांगावं लागेल असं सुचलंच नाही, माई."

नवरीच्या आईने दार उघडलं. घर पाहुण्यांनी भरलेलं. लाल साडी सोफ्यावर तशीच उघडी पडलेली.

माई पुढे झाल्या. "चूक माझी आहे. ह्या पोरींना बोलू नका. मला वाटलं, पांढऱ्यात कुठे कोणी लग्न करतं? पांढरं काय असतं ते मला विचारा." आणि पांढरी साडी पुढे केली.

मंजिरीचे सासरे गेल्यापासून माई फिकंच नेसतात. लग्नकार्यात मागे बसतात. ओटी भरायला, नवरीला नटवायला त्यांना कोणी हाक मारत नाही, आणि त्याही उठत नाहीत.

नवरीची आई त्यांच्याकडे बघत राहिली. आता ही ओरडणार, मी अंग चोरून उभी.

"आत या. पाणी घ्या आधी," ती म्हणाली. मग पांढऱ्या साडीची घडी उलगडून काठावरून हात फिरवला आणि मुलीला हाक मारली. "नेसून बघू या एकदा. माई, तुम्हीच नेसवा हिला."

माई मागे सरकल्या. "मी? अहो, मी नको. मंजिरीला सांगा. नवरी आहे ती!"

"नवरी आहे म्हणूनच तर म्हणतेय."

माईंनी पदराला हात पुसले, परत पुसले. साडी उचलली. पहिलीच निरी सुटली. मला बघवेना, मी डोळे गच्च मिटून घेतले.

आणि माईंचा आवाज ऐकू आला.

"हलू नकोस गं! सरळ उभी राहा. आणि मागच्या बायका, जरा बाजूला व्हा, उजेड अडतोय मला!"