चिंचोक्याला आठवत नाही

"आधी अट सांग." कोणी काहीही विचारलं की माझा दोस्त दोन्ही हात डोक्यामागे बांधायचा आणि एवढंच म्हणायचा. चहाला चालतोस का? "आधी अट सांग. साखर हाय का नाई?" सिनेमाला येतोस? "अट सांग. वापस पैदल यायचं का?" असं एखादं माणूस तुमच्याही ओळखीत असेल. त्याच्यासोबत चहा प्यायचा म्हणजे आधी डोकं खाऊ द्यावं लागतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. चंद्रपुरात इंजिनिअरिंगला असताना आम्ही दोघं एका खोलीत राहायचो. मी गडचांदूरचा, तो आरमोरीकडच्या धानाच्या मुलखातला. दोघंही मराठी शाळेतून आलेले. तिसऱ्या वर्षाला संभाव्यता आणि ऑप्टिमायझेशन एकदमच अंगावर आलं आणि माझी तर दातखीळच बसली. सर इंग्रजीतून फळा भरायचे, आम्ही तो उतरवून घ्यायचो आणि खोलीवर येऊन एकमेकांची तोंडं पाहायचो. शेवटी त्यानंच ते सोडवलं. "ऑप्टिमम म्हनजे काय गा? अटीत राहून जमन तेवढं बरं. घरी जे असन त्यातच माय सैपाक करते ना, तसं." मी त्या पेपरात पास झालो तो या एका वाक्यावर.

त्याची धाकटी बहीण हातपाय दुखून रात्र-रात्र रडायची. थोरला भाऊ तशाच दुखण्यानं लहानपणी गेलेला. गावात सगळे वात म्हणायचे. बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात नवस-सायास बंद, त्यामुळे भांडायला देवही नव्हता. त्या वर्षी नागपूरच्या डॉक्टरांनी घरातल्या सगळ्यांचं रक्त तपासलं आणि सिकलसेल हे नाव सांगितलं. आईबापाच्या रक्तात अर्धा-अर्धा दोष असला तर त्यांना स्वतःला सहसा काही होत नाही, पण त्यांच्या प्रत्येक लेकराला चारात एक धोका. तोही आईबापासारखाच अर्धा निघाला.

आता खरी अडचण ऐका. आमच्याकडे मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क. त्याचंही लहानपणापासून ठरलेलं होतं, आणि नुसतं ठरलेलं नव्हतं, त्याचा जीव होता तिच्यावर. तिच्यासाठी बांगड्या घेताना मी त्याला पाहिलंय. दुकानदार म्हणेल त्याला हो म्हणत होता, एक अट निघाली नाही तोंडातून.

तिचंही रक्त तपासा, असा निरोप त्यानं मामाला धाडला. मामा तरातरा खोलीवर आला.

"माह्या पोरीत खोट काढून राह्यला का, बाबू?"

"खोट नाई, मामा. माह्या रक्तात हायच ना ते. तिच्यात असन तर लेकराले धोका हाय."

"चारात एक म्हनते ना डाक्टर? मंग तुह्या घरचा एक गेला, एक पोरगी दुखते. लय झालं. आता पुढचे सुटले."

त्याची आईही हेच धरून बसली होती. आणि खरं सांगतो, सरांनी हा प्रश्न घातला असता तर आमच्या अर्ध्या वर्गानं हेच उत्तर दिलं असतं. तो उठला. पटावर खेळायला आम्ही चिंचोके फोडून ठेवले होते, एक बाजू काळी, एक पांढरी. त्यातले दोन त्यानं मामाच्या हातात दिले.

"हा माहा, हा तुमच्या पोरीचा. दोन्ही पांढरे पडले का लेकरू दुखन्याचं. टाका."

मामानं टाकले. दोन्ही पांढरे.

"झालं," मामा म्हणाला. "आता पुढचे तीन पक्के सुटले."

"टाका."

पुन्हा दोन्ही पांढरे.

"चिचोक्याले आठवत नाई, मामा, मांगं काय पडलं ते."

मुलीचं रक्त तपासलं. तीही अर्धीच निघाली.

मग त्याचं जेवण सुटलं. फरशीवर कोळशानं रेघा ओढायचा आणि पुसायचा. "मायचं मन राह्यलं पायजे, मामाचं राह्यलं पायजे, ती माह्या घरी आली पायजे, आन् लेकराले दुखनं नाई पायजे. बसतच नाई गा हे." अटी एकमेकींच्या आड आल्या की उत्तरच निघत नाही, हे सरांनी वर्गात खडू झटकता झटकता सांगून टाकलं होतं. इथे माणूस वाळत चालला होता.

एका सकाळी मात्र तो हसत उठला. "लेकरूच होऊ द्यायचं नाई. मंग सगळं बसते." मलाही हायसं वाटलं. त्याच दिवशी मी त्याच्यासोबत मामाच्या गावी गेलो.

अंगणात उकडलेलं धान वाळत घातलं होतं आणि ती पायानं ते परतत होती. त्यानं उभ्या-उभ्याच सांगितलं. ती परतायची थांबली नाही.

"सगळ्यायचं बसवलं तुमी. मले इचारलं का?"

"तेच तर इचारून राह्यलो."

"मले लेकरू पायजे," ती म्हणाली. "आन् तुमच्या बहिनीवानी रडनारं नाई पायजे."

"मंग?"

"मंग तुमी नाई."

त्यानं पायाशी सांडलेलं धान वेचून परत वाळवणात टाकलं. मग म्हणाला, "बरोबर हाय तुह्यं." तिनं पाठ फिरवली आणि धानात उभी राहून रडली. मला तेव्हा तिचा भयंकर राग आला होता. आता येत नाही.

पुढे तिला दुसरं स्थळ आलं. त्या मुलाचंही रक्त तपासणं भाग होतं, पण सोयरीक मोडेल म्हणून मामाची जीभ उचलेना. तेव्हा हाच गेला. आमच्या घराण्यात हे असं रक्त आहे, तुझं तपासून घे, म्हणून त्याला समजावलं आणि स्वतः सोबत घेऊन नागपूरला गेला. परत आला तो थेट खाटेवर आडवा झाला.

"साफ हाय त्याचं. मामाले सांगून आलो, बिनधास्त द्या म्हनून."

"माणूस कसा आहे?" मी विचारलं.

"चांगला हाय गा. बसमंधी मले खिडकीजवळ बसवलं त्यानं."

लग्नाला मी गेलो, मामानं आग्रहानं बोलावलं होतं. पंगतीत वाढत होतो. नवरदेवानं मला जवळ बोलावलं. "तुमचे दोस्त दिसून नाई राह्यले? मले नागपूरले घेऊन गेले होते, लय केलं त्यायनं माह्यासाठी."

"पेपर आहे त्याचा," मी म्हणालो.

ती शेजारीच बसली होती. आमचे पेपर कधीच संपले होते आणि तो दूर कुठे नोकरीला निघून गेला होता, हे तिला ठाऊक होतं. तिनं मान वर केली नाही. "पेपरच असन," ती नवऱ्याला म्हणाली, आणि पुढ्यातला भात कालवत राहिली.