कुरुमेची पैज

इतेनेशची आणि कल्तूमाची ओळख भांडणातून झाली, आणि भांडण झालं कॉफीच्या धुरावरून.

दिरे दावा गावाच्या स्टेशनामागे रेल्वे कामगारांची बैठी घरं आहेत, एकाला एक चिकटलेली, मध्ये कमरेएवढी भिंत. इतेनेश लग्न होऊन तिथे आली तेव्हा तिला सगळ्यात आधी भेटलं ते ऊन. ती दक्षिणेकडच्या गेदेओच्या डोंगरातली. तिकडे दुपार होईपर्यंत धुकं झाडांना धरून बसतं, अंगणात ठेवलेली भांडी सकाळी आपोआप ओली असतात. इथे दिवस उजाडायच्या आत जमीन तापायची. नवरा तेफेरा वर्कशॉपात फिटर. तो भोंग्याबरोबर जायचा आणि अंगाला तेलाचा वास घेऊन भोंग्याबरोबर परतायचा. मधला दिवस तिचा एकटीचा. गल्लीतल्या बायका ओरोमो बोलायच्या, सोमाली बोलायच्या, जुन्या कारकुनांच्या बायका तर फ्रेंचही झाडायच्या. तिची भाषा बोलणारं त्या अख्ख्या गावात कुणी नव्हतं. मोडक्यातोडक्या अम्हारिकवर ती मीठ-मिरची आणायची, तेवढंच.

एका सकाळी तिने आईने बांधून दिलेली पुरचुंडी सोडली, मूठभर बिया तव्यावर टाकल्या आणि ओट्यावर भाजायला बसली. वास सुटला तसं भिंतीवरून एक डोकं वर आलं.

"काय जाळतेस गं? अत्तराची बाटली?"

"कॉफी आहे."

"ही कॉफी? कॉफीला असा नटव्या बाईसारखा वास येतो होय? थांब, आलेच."

डोकं गेलं आणि थोड्या वेळाने अख्खी बाई आली, स्वतःच्या बिया ओच्यात घेऊन. हीच कल्तूमा. केफिराच्या बाजारात ती कांदे आणि आंबे विकायची. नवरा स्टेशनात हमाल, पदरात मूल नाही, आणि जिभेला हाड नाही. मूळची चेरचेरच्या डोंगरातली. तिचा भाऊ मुमे अजून तिथे शेती करायचा आणि वर्षाची कॉफी न चुकता बहिणीला पोचवायचा.

तिने इतेनेशच्याच चुलीवर आपल्या बिया भाजल्या. त्यांचा वास जड होता. उन्हात पिकून फुटलेल्या फळासारखा गोड आणि मागून किंचित आंबूस. इतेनेशने नाक मुरडलं आणि विचार न करता बोलून गेली, "याला तर दारूचा वास येतोय. मुसलमानाच्या घरात हे चालतं?"

कल्तूमा तिच्याकडे बघतच राहिली. इतेनेशला वाटलं, झालं, आलेली एकुलती एक शेजारीण आपण घालवली. मग कल्तूमा इतकी हसली की तवा कलंडला आणि अर्ध्या बिया राखेत गेल्या.

त्या दिवसापासून दोघींची कॉफी एकत्र व्हायला लागली. एक दिवस हिच्या ओट्यावर, एक दिवस तिच्या. बिया भाजायच्या, खलात कुटायच्या, जबन्यात, म्हणजे मातीच्या लांब मानेच्या सुरईत, उकळायच्या. पहिला कप दाट, दुसरा मध्यम, तिसरा नावापुरता, आणि तिन्ही कप संपेपर्यंत भांडायचं. रमजानात इतेनेश दिवसा तवा चढवायची नाही, वास भिंतीपलीकडे जायला नको म्हणून. आणि इतेनेशच्या उपासाच्या दिवसांत, जेव्हा तिला दूध वर्ज्य असायचं, कल्तूमा कॉफीच्या सालांचा दूध घातलेला काढा स्वतःच्या घरात दार लावून प्यायची. याबद्दल दोघी कधी एक शब्द बोलल्या नाहीत. बोलायच्या त्या कॉफीबद्दल.

इतेनेशच्या माहेरची जात कुरुमे. झाड ठेंगणं, पान लहान, दाणा बारीक. त्या कॉफीत फुलांचा वास असायचा आणि जिभेच्या कडेला लिंबाच्या सालीसारखी धार. इतेनेशचं म्हणणं, ही सगळी आमच्या डोंगराची करणी. तिथली माती, तिथलं धुकं, झाडांवरची सावली. दुसरीकडे हे व्हायचं नाही. कल्तूमाला ते पटत नसे.

"डोंगर काय फक्त तुमच्याकडेच दिलेत का देवाने? बी नेऊन आमच्या मुमेच्या बांधावर लाव. तिथेही अशीच नखरेल निघेल. जातिवंत असेल ते कुठेही जातिवंत."

"मी बघ की. घरात सगळ्यांत गरीब पोर होते मी. इथे येऊन तुझ्यासारखी तोंडाळ झाले."

"ते मुळातच होतं. इथे उगवलं एवढंच."

अशी वर्षं गेली. इतेनेशला मुलगी झाली, तिरू. ती दोन्ही घरांत मिळून वाढली. आणि मग एकदा, इतेनेशच्या भावाने लॉरीवाल्याबरोबर धुऊन आतल्या टरफलासकट वाळवलेली कुरुमे पाठवली तेव्हा, पैज लागली. कल्तूमानेच लावली. यातल्या निवडक बिया रुजवायच्या, रोपं मुमेकडे द्यायची आणि पीक आल्यावर चाखून बघायचं. फुलांचा वास राहिला तर कल्तूमा जिंकली, गेला तर इतेनेश.

"आणि हरेल तिने?"

"हरेल तिने उरलेला जन्म दुसरीची कॉफी प्यायची. तोंड न उघडता."

"तुला ते जमायचं नाही."

"म्हणून तर जिंकणार आहे."

दुधाच्या पावडरीच्या डब्यांना भोकं पाडून इतेनेशने बिया लावल्या. दिरे दावाचं ऊन रोपांना मानवेना. दोघी मिळून डबे सावलीमागे सरकवत फिरायच्या. सकाळी हिच्या ओट्यावर, दुपारी तिच्या न्हाणीच्या भिंतीशी. पुष्कळ रोपं करपली. जगली तेवढी मुमे येऊन घेऊन गेला. डोक्यावर टोपली, वर ओलं फडकं, आणि मागून बहीण ओरडतेय, "बकऱ्यांपासून लांब लाव. नाहीतर याद राख."

कॉफीचं झाड फळाला यायला वर्षं घेतं. इकडे तेवढ्यात बरंच होऊन गेलं. आधी गाडी बंद पडली. पहिल्यांदा लोक म्हणाले, रूळ दुरुस्त करतायत. मग कुणी काही म्हणेनासं झालं. भोंगा वाजायचा थांबला. तेफेरा तरी रोज सकाळी वर्कशॉपाच्या फाटकापर्यंत जाऊन यायचा. एक दिवस तो तिकडून आला, आडवा झाला आणि उठलाच नाही. तिरू बैरूतला गेली, कुणाच्या तरी घरी म्हाताऱ्या माणसांचं करायला. कल्तूमाचा नवरा तर आधीच गेला होता. गेदेओत इतेनेशची आई वारली आणि भावाने सगळं पीक कारखान्याला घालायला सुरुवात केली. मग तिकडून कुरुमे येणंच बंद झालं.

इतेनेश आता रोजच कल्तूमाची कॉफी प्यायची.

"पैजेचा निकाल लागायच्या आधीच हरलीस की," कल्तूमा म्हणायची.

"गप्प बस आणि ओत."

खरं तर त्या जड, आंबूस वासाची तिला सवय झाली होती. सकाळी तो आला नाही तर चुकल्यासारखं वाटायचं. हे तिने कल्तूमाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बाजारभर मिरवली असती.

मग कल्तूमाचे गुडघे गेले. बाजारात मांडी घालून बसणं जमेना. मुमे तिला न्यायला आला. सामान फार नव्हतं. इतेनेश भिंतीशी उभी राहून बघत होती.

"तोंड का असं केलंयस?" कल्तूमा म्हणाली. "मी काय मरायला चाललेय? तुझ्या रोपांकडे कुणी बघायचं तिकडे? या मुमेचा भरवसा नाही."

"जा की. मी कुठे अडवतेय?"

"अडवलंस तरी थांबणार नव्हते."

लॉरी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर इतेनेश घरात आली, तवा खाली घेतला, परत वर ठेवला. एकटीसाठी जबना भरायचा म्हणजे किती पाणी घालायचं हे तिला सुचेना.

चेरचेरच्या त्या वाडीत तेव्हा फोन लागत नसे. निरोप यायचे ते चघळायची खातची पानं घेऊन उतरणाऱ्या लॉरीवाल्यांबरोबर. एखादा ड्रायव्हर घरासमोर भोंगा द्यायचा आणि खिडकीतून ओरडायचा, "आई, कल्तूमाबाईंनी सांगितलंय, झाडं छातीएवढी झाली."

"तिला सांग, उंचीवर पैज नव्हती."

पुढच्या खेपेला, "फुलं आली म्हणून सांगितलंय. वास आहे म्हणे."

"फुलांना कुठेही वास असतो. तो धरत नाहीत म्हणावं. आणि सांग, फळं तोडली की साल काढून धुवायची, आमच्याकडे करतात तशी. तुमच्यासारखी सालासकट छपरावर टाकलीस तर ती लबाडी झाली."

"एवढं सगळं माझ्या लक्षात कसं राहायचं?"

"मग धुवायची, एवढंच सांग."

ड्रायव्हर हसत निघून जायचा आणि इतेनेश आठवडाभर मनात पुढचा निरोप जुळवत राहायची. कधी कधी मोठ्याने बोलून बघायची. शेजारच्या रिकाम्या घरात आता मांजरं राहत होती. ती तेवढी कान टवकारायची.

मग बरेच दिवस निरोप आला नाही. भोंगा ऐकू आला की ती बाहेर यायची, पण लॉरी तशीच पुढे जायची. एका सकाळी मुमेच दारात आला, हातात कापडी पिशवी. त्याचा चेहरा बघूनच तिला कळलं. तरी तिने विचारलं, "कशी आहे ती?"

मुमे ओट्यावर बसला. "ताप भरला. खाली दवाखान्यात न्यायला गाडी मिळेपर्यंत संपलं. पुरून आता पंधरवडा झाला असेल. मला लवकर यायचं होतं, पण पीक तोंडावर होतं."

इतेनेश त्याच्याशेजारी टेकली.

"ही तिने दिलीय," मुमेने पिशवी पुढे केली. "म्हणजे, ठेवली होती तुझ्यासाठी. फळं तिने स्वतः तोडली. एक-एक, लाल बघून. मग साल काढून धुतली. आम्ही सगळे हसलो, आमच्याकडे कोण असं करतं? छपरावर वाळत घातली आणि काठी घेऊन कोंबड्या हाकलत दिवसभर तिथेच बसून असायची."

"तिने चाखली?"

"नाही. मी म्हटलं, थोडी भाजून तर बघ. तर म्हणाली, इतेनेशच्या समोर उघडायची, नाहीतर ती म्हणेल मी फसवलं."

इतेनेश उठली. "बस तू. कॉफी करते."

तिने बिया तव्यावर घातल्या. हात नेहमीसारखे चालत होते. दाणा कुरुमेचाच, बारीक. पण तडकायला लागला तसा वास आला तो ओळखीचा नव्हता. ती वाकून हुंगत राहिली. फुलं होती, पण लांब कुठेतरी, धुवून धुवून विरलेल्या कपड्यातल्या सुगंधासारखी. त्याच्या खाली पिकल्या फळाचा गोडवा होता, चेरचेरचा, पण कल्तूमाच्या घरच्या कॉफीइतका जड नाही. कपात ओतल्यावर तिने पहिला घोट तोंडात धरला. लिंबाची धार बोथट झाली होती. आंबूसपणा नव्हता. गिळल्यावर मागे काहीतरी राहत होतं, मधासारखं, थोडं मातकट, त्याला काय म्हणायचं ते तिला कुठल्याच भाषेत आठवेना. ही ना गेदेओची होती, ना चेरचेरची.

"कशी वाटते?" तिने मुमेला विचारलं.

"चांगली आहे."

"चांगली म्हणजे कशी?"

मुमेने कपात पाहिलं, आणखी एक घोट घेतला. तो भला माणूस होता, त्याला खरंच तिला काहीतरी सांगायचं होतं. "चांगली म्हणजे... कॉफीसारखी."

इतेनेशने मान हलवली. कल्तूमा असती तर म्हणाली असती, वास आहे की, मी जिंकले. ती स्वतः म्हणाली असती, हा वास होय? नाक कुठे ठेवून आलीस? आणि दुपारची उन्हं उतरेपर्यंत ते चाललं असतं. मुमेने तिसरा कपही शिष्टाचाराने संपवला, मग उभा राहिला. लॉरी दुपारी सुटणार होती. तिने त्याला शिधा म्हणून भाकरी आणि भाजलेले जव बांधून दिले. झाडं राहतील का, असं तिने विचारलं तेव्हा तो म्हणाला, "राहतील. फळ कमी धरतात, पण तिने जपलीत, तोडवत नाही."

तो गेल्यावर ती रडली. भांडी घासता घासता, फार वेळ नाही.

पिशवी महिनाभर पुरली. तिरूचा फोन रविवारी यायचा. "आई, एकटीच असतेस ना?" ती विचारायची, आणि इतेनेश म्हणायची, "एकटी कशाने? गल्ली भरलीय." तिरू पुढे विचारत नसे. तिची मालकीणही मागून हाका मारत असायची.

शेवटच्या बिया संपल्यावर इतेनेशने चूल काही दिवस पेटवलीच नाही. डोकं दुखायला लागलं. मग एका सकाळी ती शाल घेऊन बाहेर पडली आणि बंद स्टेशनाच्या फाटकाशी जाऊन पोचली. तिथे झाडाखाली एक बाई छोटी स्टुलं मांडून, तीन-चार किटल्या लावून रिक्षावाल्यांना कॉफी विकते. पैसे देऊन बाहेर कॉफी प्यायची वेळ इतेनेशवर उभ्या आयुष्यात आली नव्हती. ती कडेच्या स्टुलावर बसली.

"साखर?" बाईने विचारलं.

"कमी."

कुठली कॉफी आहे, हे तिच्या ओठांवर आलं होतं, पण बाईच्या हाताला उसंत नव्हती. कॉफी करपट होती. इतेनेशने ती सावकाश संपवली. शेजारी दोन रिक्षावाले टायरच्या भावावरून वाद घालत होते. ती ऐकत राहिली.

आता ती रोज जाते. बाईला ती ओळखीची झाली आहे, न विचारता कमी साखर पडते. परवा शेजारचा एक रिक्षावाला कप खाली ठेवत सहज म्हणाला, "आज कॉफी बरी आहे, नाही का, आई?"

इतेनेशने त्याच्याकडे पाहिलं. तिला पुष्कळ म्हणता आलं असतं.

"बरी आहे," ती म्हणाली.

तो रिक्षा सुरू करून निघून गेला.