इंदुताई आणि रायफल क्लब

इंदुताई कर्णिक रागावल्या की चष्मा काढून पदराने पुसत. समोरच्याला वाटे, बाई शांत झाल्या. तसं काही नसे. ज्याच्यावर रागवायचं तो माणूस नीट दिसला पाहिजे, एवढंच त्यांना हवं असे. चष्मा परत डोळ्यांवर चढला की त्या म्हणत, “समजावू नका. उत्तर द्या.” हेडमास्तरांना हे वाक्य त्यांनी माझ्यादेखत कितीदा ऐकवलं असेल! हेडमास्तर समजावण्यात पटाईत होते. उत्तर द्यायची वेळ आली की त्यांना तास आठवायचा.

डहाणू रोडच्या आमच्या शाळेत त्या मुलींना गणित शिकवत. मी मराठी शिकवायची. मी त्यांच्याहून बरीच लहान, नोकरीला नवी. दोघींनी मिळून मसोलीत दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या, शेजारी एका रेल्वे गार्डचं कुटुंब. इंदुताईंचं लग्न झालेलं नव्हतं आणि त्याबद्दल कोणी हळहळलं तर त्यांना मनापासून चीड यायची. त्यांचे वडील जंगलखात्यात रेंजर होते, कासा भागात. आई लवकर गेली, म्हणून ते मुलीला बरोबर घेऊन फिरत. बंदूक कशी धरायची, श्वास कुठे रोखायचा हे त्यांनी तिला शिकवलं. “नेम धरण्याआधी त्याच्या मागे काय आहे ते बघायचं,” हे वडिलांचं वाक्य इंदुताई मला कांदा चिरतानाही ऐकवत.

वडील वारले तेव्हा बंदूक भावाकडे गेली. भाऊ ठाण्याला कारकून. त्याने ती वर्षाच्या आत विकून टाकली. “मला विचारलं असतं तर मी नको म्हटलं असतं,” इंदुताई म्हणत, “म्हणून विचारलंच नाही. हुशार आहे माझा भाऊ.” त्या भावाकडे पुन्हा कधी राहायला गेल्या नाहीत.

चीनची लढाई झाली त्याच्या पुढच्या वर्षी डहाणूत रायफल क्लब निघाला. गावातले एक बडे वकील होते, सामंत म्हणून. ते त्याचे सेक्रेटरी. बाजारात सभा घेऊन त्यांनी भाषण ठोकलं की आता घराघरातून नेमबाज तयार झाला पाहिजे, स्त्रियांनीही मागे राहू नये. टाळ्या पडल्या. त्या दिवशी इंदुताई घरी आल्या आणि चपला न काढताच ओटीवर येरझारा घालू लागल्या.

“प्रवेश फी ऐकलीत का?” मी विचारलं. “आपला अख्खा पगार जाईल. शिवाय दर महिन्याची वर्गणी, काडतुसांचे पैसे वेगळे. आणि त्या बदल्यात काय मिळणार? ठो आवाज?”

“हो. ठो आवाज.”

“इंदुताई, चेष्टा नाही करत मी.”

“मीही नाही.” त्या थांबल्या. “निर्मला, मला एक गोष्ट फार चांगली येते. गणितापेक्षा चांगली. ती मी इतकी वर्षं केलेली नाही, कारण ती करायला कोणाची तरी बंदूक लागते, आणि ती बंदूक नेहमी कुठल्या तरी पुरुषाच्या भिंतीवर टांगलेली असते. आता पैसे भरून मिळत असेल तर मी भरेन. महाग आहे, कबूल. पण फुकट तर मला कोणी दिली नाही ना?”

त्यांनी आईच्या पाटल्या मोडल्या. मला राग आला होता, तरी सोनाराकडे मीच बरोबर गेले.

पैसे घेऊन गेल्या तर कमिटीने नवीनच खुसपट काढलं. बाईमाणूस आहे, तेव्हा वडील किंवा नवरा, कोणाची तरी संमती हवी. भाषणात स्त्रियांनी मागे राहू नये म्हणणारे वकीलसाहेबच हे सांगत होते. इंदुताईंनी चष्मा पुसला.

“माझ्या वर्गातल्या मुलींच्या पालकांच्या सह्या मी मागते,” त्या म्हणाल्या. “माझ्या पालकाची सही आणायला तुम्ही मला स्मशानात पाठवणार का?”

“बाई, गैरसमज नको. नियम म्हणजे...”

“समजावू नका. उत्तर द्या. घेणार की नाही?”

बाजारातल्या भाषणाची सगळ्या गावाला आठवण होती. घ्यावंच लागलं.

आशागडच्या बाहेर एका टेकाडाला मातीचा उंच बांध घालून क्लबने गोळीबाराची जागा केली होती. बांधाला लागूनच पाड्यांवरून डहाणू रोडला येणारी जुनी पायवाट. गवताचे भारे, लाकूडफाटा घेऊन बायका त्याच वाटेने बाजाराला येत. क्लबने त्यांना विचारलं नव्हतं. नुसतं सांगितलं होतं की लाल निशाण वर असेल तेव्हा थांबायचं, निशाण उतरलं की जायचं. भर उन्हात भारे डोक्यावर घेऊन बायका ताटकळत उभ्या राहत आणि इकडे साहेबलोकांचे नेम चालत. इंदुताईंनी पहिल्याच महिन्यात कमिटीत विषय काढला की जागा बदला, नाहीतर वेळ तरी बदला. वकीलसाहेबांनी त्यांना समजावलं.

मी एकदा त्यांच्याबरोबर गेले होते. पालथ्या झोपून, पदर खोचून, गालाला रायफल लावलेल्या इंदुताई मला अनोळखी वाटल्या. चेहऱ्यावर कुठे म्हणून राग नव्हता. शाळेत नाही, घरात नाही, झोपेतसुद्धा नाही, असा निवांत चेहरा मी तिथेच पाहिला. त्यांच्याइतका अचूक नेम त्या क्लबात कोणाचा नव्हता. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून नेमबाजी संपली की कोणीतरी हसत म्हणायचंच, “आता बाईंच्या हातचा चहा होऊन जाऊ दे.” इंदुताई स्वतःचा कप भरून घेत आणि किटली तिथेच ठेवून देत.

पुढच्या हिवाळ्यातला रविवार. वकीलसाहेबांचा मेहुणा मुंबईहून आला होता, पाहुणा. सकाळचा गोळीबार संपला, वकीलसाहेबांनी स्वतः निशाण उतरवलं आणि सगळे चहाला बसले. मेहुण्याला चहा नको होता. बांधावर एक घार येऊन बसली. त्याने टेबलावरची रायफल उचलली, त्यात काडतूस होतं, आणि कोणाला काही कळायच्या आत गोळी झाडली.

घार उडाली. बांधापलीकडे एक बाई किंचाळली.

तिचं नाव सोमी. आशागडच्या पुढच्या पाड्यावरची, दोन लेकरांची आई. निशाण उतरलेलं पाहून ती भारा घेऊन वाटेला लागली होती. गोळी उजव्या हातात, कोपराच्या खाली शिरली होती. इंदुताई कप टाकून धावल्या. पदर फाडून हात आवळून बांधला आणि ओरडल्या, “गाडी आणा!” गाडी एकच होती, वकीलसाहेबांची. ते म्हणाले, “बैलगाडी बोलावतो. गाडीच्या सीटा...” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. इंदुताईंनी सोमीला उचलून गाडीच्या दारापाशी आणलं होतं. “दार उघडा,” त्या म्हणाल्या. “नाहीतर मी काच फोडून उघडते.”

सरकारी दवाखान्यात गोळी काढली. जीव वाचला, हातही राहिला. पण बोटं वळेनात. कोयता धरता येईना. गवत कापून पोट भरणाऱ्या बाईचा उजवा हात!

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वकीलसाहेब आमच्या खोलीवर आले. येताना चिकूची करंडी आणली होती. मी तिथेच बसले होते, म्हणून हे ऐकीव नाही.

“झालं ते वाईट झालं,” ते म्हणाले. “पण निशाण वर होतं. सगळ्या सभासदांचं तेच म्हणणं आहे. ती बाई निशाण न जुमानता आत आली.”

“निशाण तुम्ही उतरवलंत. मी पाहिलं.”

“बाई, क्लब बंद पडेल. तुमच्यासारख्या नेमबाजाचं नुकसान होईल. कमिटीचा विचार आहे की स्त्रियांचा वेगळा विभाग काढावा, तुम्ही त्याच्या प्रमुख. तहहयात सभासद, वर्गणी माफ. लायसन्सचं मी बघतो, स्वतःच्या नावाची रायफल घ्या.”

इंदुताई हो म्हणतील अशी मला भीती वाटली, हे मी लपवत नाही. त्यांना आयुष्यात जे हवं होतं ते सगळं हा माणूस चिकूच्या करंडीशेजारी मांडून बसला होता. त्यांची नजर स्वतःच्या हातांवर होती. मग त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“वकीलसाहेब, क्लबात शिरताना मी हिशेब केला होता, परवडतं का म्हणून. आईच्या पाटल्या गेल्या तरी परवडलं. पण आता तुम्ही जी किंमत सांगताय ती माझ्या खिशातली नाही. ती सोमीच्या हातातून काढून तुम्ही मला देताय.”

“शाळेच्या कमिटीवरही मी आहे, हे लक्षात असू द्या.”

“आहे लक्षात. करंडी उचला.”

दोन दिवसांनी आम्ही पाड्यावर गेलो. सोमी दारात बसली होती, हात गळ्यात बांधलेला. इंदुताई तिच्यासमोर मातीतच बसल्या आणि म्हणाल्या, “सोमी, मी तो क्लब सोडला.”

सोमीने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत आभार वगैरे काही नव्हतं. बाजारातल्या मराठीत ती स्वच्छ म्हणाली, “सोडला तर सोडला. मला काय त्याचं? फौजदारसाहेबासमोर खरं सांगणार का, तेवढं बोला. बाकीचे सगळे खोटं सांगून बसलेत.”

“सांगणार.”

“मग चला. मी येते. माझा पाय बरा आहे.”

इंदुताईंना कोणी असं बोललेलं मी पहिल्यांदाच ऐकत होते. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या, “बरोबर बोलली. मी तिला माझा त्याग सांगायला गेले होते.”

फौजदारापुढे त्यांनी सांगितलं. कोर्टातही सांगितलं. उलटतपासणीत त्यांना विचारलं गेलं, चष्म्याचा नंबर किती, बिनलग्नाच्या का राहिलात, क्लबात पुरुषांमध्ये एकट्या का जात होता. सोमीला विचारलं, निशाण म्हणजे काय हे तुला समजतं का. ती म्हणाली, “लाल रंग समजतो. तुमच्या साहेबाला समजत नव्हता काय?” मेहुण्याला दंड झाला. तो त्याने तिथल्या तिथे भरला आणि दुपारच्या गाडीने मुंबईला गेला. तुरुंग नाही, काही नाही. सोमीच्या हाताची भरपाई म्हणून जे मिळालं ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुरलं नाही. एक गोष्ट मात्र झाली. गोळीबाराची ती जागा सरकारने बंद केली. वाट बायकांना मोकळी झाली.

क्लबने बेशिस्तीबद्दल इंदुताईंचं नाव काढून टाकलं. त्यांनी आधीच सोडलेला क्लब, त्यातून त्यांना काढलं! वर्ष संपताच शाळेच्या संस्थेने त्यांना तलासरीच्या शाखेत पाठवलं, गणितासाठी नाही, पहिलीच्या वर्गावर. इतक्या अनुभवी शिक्षिकेला पाटीवर अक्षरं गिरवून घ्यायला बसवलं. स्टाफरूममध्ये कोणी चकार शब्द काढला नाही. मी काढला, तर हेडमास्तरांना तास आठवला.

मी एस.टी.ने तलासरीला जात असे. कौलारू खोली, बाहेर चूल. इंदुताई अधिक हेकट झाल्या होत्या. दूधवाल्याशी भांडत, कंडक्टरशी भांडत, माझ्याशीही. त्यांना थोर वगैरे म्हणणाऱ्यांना माझं सांगणं आहे की त्यांच्याबरोबर दोन दिवस राहून बघायचं होतं. पण वर्गातली पोरं त्यांना घाबरत नसत. पाड्यापाड्यातून येणाऱ्या मुलींना त्या दरवाजात उभ्या राहून नावाने हाका मारत.

एकदा भाकरी थापता थापता त्या थांबल्या. “रायफलच्या तेलाचा वास चांगला असतो गं,” म्हणाल्या. “मला अजून त्याची आठवण येते. त्या लोकांनी माझ्याकडून तो वासही नासवला. ह्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.”

तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात त्यांना ताप आला. हिवताप म्हणून अंगावर काढला, आणि डहाणूला आणेपर्यंत शुद्ध गेली होती. ती परत आली नाही. त्यांच्या भावाने ठाण्याहून येऊन अग्नी दिला. सोमी माणसांच्या मागे, जरा दूर, शेवटपर्यंत उभी होती.

आठवड्याने शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा भरली. अध्यक्ष कोण? सामंत वकील. ते उठले, गळा दाटून आल्यासारखा केला आणि म्हणाले, “कैलासवासी इंदुताई म्हणजे आमच्या रायफल क्लबाचं भूषण. पहिल्या महिला सभासद. क्लबशी त्यांचं नातं अखेरपर्यंत...”

मी उभी राहिले. “ह्यांनी इंदुताईंना क्लबातून काढलं होतं,” मी म्हटलं. “का काढलं ते विचारा ह्यांना.”

“बसा बाई. ही वेळ नव्हे.”

“मग वेळ कोणती ते सांगा.”

हेडमास्तर धडपडत पुढे आले आणि त्यांनी घाईघाईने जाहीर केलं की आता आपण सर्वजण दोन मिनिटं स्तब्ध उभे राहून दिवंगत आत्म्याला श्रद्धांजली वाहू या. खुर्च्या सरकल्या, माणसं उठली, माना खाली गेल्या. मेलेल्या माणसाच्या मानासाठी असलेली शांतता त्यांनी माझं तोंड बंद करायला वापरली.

मी थांबले नाही. निशाण कोणी उतरवलं, गोळी कोणी झाडली, गाडीच्या सीटा कोणाला आठवल्या, चिकूची करंडी घेऊन कोण आलं, सगळं सांगितलं. कोणी मधे बोलू शकत नव्हतं, कारण श्रद्धांजली चालू होती. हॉलमध्ये इतकी शांतता होती की माझा शब्द न् शब्द शेवटच्या बाकावरच्या मुलींपर्यंत पोचत होता, आणि एकेक करून त्या माना वर करत होत्या.