भाऊ आणि भिया

ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितलेली नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही भाऊंना ओळखत नव्हता. ओळखत असता तर — तर तोंड उघडलंच नसतं.

भाऊ म्हणजे माझे वडील. काका-आत्या त्यांना भाऊ म्हणत, म्हणून आम्ही मुलीही भाऊच म्हणायचो. ते मिलमध्ये कारकून होते. मिलला टाळं लागलं आणि काही महिन्यांनी इंदुरात, स्नेहलतागंजातल्या आमच्या दारात भाड्याची रिक्षा उभी राहिली. शेजारचे म्हणाले, कुठलंच काम हलकं नसतं. मीही तसंच म्हणायचे — जरा जास्तच मोठ्याने.

घरात एक जुनं कॅलेंडर होतं. साल उलटलं तरी भाऊ ते काढू देत नसत. त्यावर आमच्याच शहरातल्या एका नामवंत चित्रकारांनी स्वतःच्या बागेतलं तळं रंगवलं होतं. दाढी करता करता भाऊ विचारायचे, "खरंच इतकी कमळं असतील का गं?" मला काय ठाऊक? मी वैतागायचे.

फाल्गुनात एका रविवारी ते चित्रकार आपली बाग सगळ्यांना खुली करत. मी तेव्हा कॉलेजात होते. पल्लवी, माझी बंगल्यात राहणारी मैत्रीण, म्हणाली, चल जाऊ. भाऊ म्हणाले, "मी सोडतो ना रिक्षातून. मला पण एकदा बघायचाच आहे तो बगीचा." मिलच्या दिवसांतला पांढरा शर्ट त्यांनी इस्त्री करून घातला. आणि मी? रिक्षा कोण चालवतंय, हे पल्लवीला सांगितलंच नाही. वाटभर तिची बडबड चालू होती, रिक्षाची फटफट होती — भाऊंना बोलायला वावच मिळाला नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं.

फाटकाशी चित्रकार स्वतः उभे होते, हात मातीने भरलेले. भाऊ रिक्षा लावून आमच्या मागून आले. "आइए, आप भी आइए ना," चित्रकार त्यांना म्हणाले. भाऊंनी चपला काढल्या, देवळाच्या पायरीशी काढतात तशा. पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. "ये भिया भी अंदर आएँगे?"

इंदुरात भिया कुणालाही म्हणतात — पोहेवाल्याला, रिक्षावाल्याला, जिवलग दोस्तालाही. त्यात वाईट काय आहे? काहीच नाही. फक्त बापाला कुणी म्हणत नाही.

मी म्हणाले, "नहीं भिया, आप बाहर ही रुको."

भाऊ काय नि भिया काय, अर्थ एकच — असं मी कितीदा स्वतःला बजावलं असेल! पण मला कळत होतं, मी काय केलं ते. त्यांनाही कळलं. ते मला — स्वतःच्या मुलीला — म्हणाले, "जी." आणि चपला परत पायात सरकवल्या.

परतताना त्यांनी आधी पल्लवीला सोडलं. घरी आल्यावर हातपाय धुऊन जेवायला बसले, तेव्हा फक्त विचारलं, "कमळं होती का गं?"

"नव्हती," मी म्हणाले. "अजून फुललीच नाहीत."

"मग काही हरकत नाही," असं म्हणून त्यांनी आईकडे वरण मागितलं.

पुढच्या फाल्गुनात जाऊ, असं मी म्हणाले नाही. त्यांनीही विषय काढला नाही. भाऊंना जाऊन आता बरीच वर्षं झाली.

कमळं होती. पाणी दिसत नव्हतं, इतकी होती.