साहेबांचा लाडका कुणाल

आमदारांच्या ऑफिसात काम करणाऱ्याला किस्से शोधावे लागत नाहीत, चहाबरोबर आपोआप येतात. आमच्या गंगापूर रोडच्या ऑफिसातल्या किश्शांत एकच खोट. सगळ्यांत तो कुणाल आहे!

भाषणं आणि प्रेसनोट मी लिहायचो, साहेबांच्या शेजारी मी बसायचो. मग सोशल मीडियासाठी हा पोरगा आला आणि माझी खुर्ची गेली. जळतो का मी? जळतोच!

*

सातपूरला कामगारांची सभा. मी पाणीटंचाईवर झकास भाषण लिहून दिलेलं. साहेबांनी कागद खिशात घातला आणि गरजले, "प्रायव्हसी प्रायव्हसी काय लावलंय? सज्जनाला लपवायचं काय असतं? घरात कोण काय करतं, ते बघायला पोलीस धाडा!"

कुणालने तेवढंच कापून रील टाकलं. राज्यभर बोंबाबोंब झाली. साहेब खूश! "कुणाल बेटा, फेमस केलंस!"

माझी पाण्याची प्रेसनोट निधनवार्तांच्या खाली छापून आली.

*

आमच्याकडे मीटिंगच्या आधी सगळ्यांचे मोबाईल दाराशी द्राक्षांच्या क्रेटमध्ये ठेवावे लागतात. कोणी रेकॉर्डिंग करू नये म्हणून.

एका पत्रकाराने टोमणा मारला, "साहेब, सज्जनाला लपवायचं काय असतं?"

"ही शिस्त आहे!" साहेब कडाडले.

कुणालचा मोबाईल मात्र आत. माझा क्रेटमध्ये!

*

पंचवटीच्या भाजीबाजारात एका मावशीने साहेबांना अडवलं. "दोन माणसं घरात काय करत्यात ते बघाया पोलीस धाडा म्हनता. आमची तुंबलेली गटार बघाया कुनी येत नाय!"

साहेब हसत कुणालला म्हणाले, "एवढं कट कर, बेटा." मग माझ्या हातात मेथीची पिशवी दिली. "जाधव, धर."

*

परवा ऑफिसात व्हिडिओचं शूटिंग चालू होतं. आम्ही तिघंच. साहेब रंगात आले होते. "तो जुना ३७७चा कायदा परत आणा! पुरुषाने पुरुषावर प्रेम करायचं? असली माणसं आपल्या नाशकात नाहीत!"

कुणालने कॅमेरा बंद केला. म्हटलं, चला, आज गेली याची नोकरी! खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

"आहेत, साहेब," तो म्हणाला. "एक जण रोज तुमची भाषणं एडिट करतो."

साहेबांनी चष्मा काढला. पुसून परत घातला. मग शेजारची खुर्ची ओढली.

"बस, बेटा."

मी पण खुर्ची शोधायला लागलो. साहेबांनी वर बघितलं.

"जाधव, तू बाहेर थांब. आणि दार लावून घे."